मालक बागेत गेलेत

कवठे महांकाळ
१२ डिसेंबर २०२४

ब्राह्मी,

आशीर्वाद शेवटी लिहीन. आधी कामाचं.

परवा आर्जव आला होता. चुलतभावाकडं कागद मागायला तुला तोंड आहे, आईचा फोन उचलायला नाही. असू दे. शेडचं लायसन, कोल्ड स्टोरेजच्या पावत्या, तू सह्या केलेल्या हजेरीच्या वह्या, सगळं पिशवीत घालून दिलंय. दोन वह्यांचे कोपरे उंदरानं खाल्लेत, त्या तशाच आहेत. मी काही लपवलं नाही.

मी त्याला विचारलं, एवढं ओझं कशाला लागतंय रं? तर म्हणतो, "काकी, अक्का परत फॉर्म भरतीय."

परत! पहिल्या वर्षी मुलाखतीला बोलावून नको म्हणाले. दुसऱ्या वर्षी घेतो म्हणाले आणि घेतल्यावर बाहेर काढलं. आता तिसऱ्यांदा त्याच दारात? या देशात दुसरी शाळा नाही का? आर्जव म्हणाला, "शाळा न्हवं काकी, मॅनेजमेंटचं कॉलेज." जिथं मास्तर असतो ती शाळा. मला नको शिकवू म्हटलं.

मग त्यानं मोबाईलवर तुझा फॉर्म वाचून दाखवला. त्याच्यावर चिडू नकोस, मीच बसवून वाचायला लावला. त्यात एक प्रश्न आहे. मागल्या खेपेला तुमचा प्रवेश का रद्द झाला ते तुमच्या शब्दांत लिहा, आणि तेव्हापासून तुमच्यात काय बदल झाला तेही लिहा. तू कच्चं लिहून ठेवलंयस, की कामावरच्या एका बाईनं आकसापोटी खोटी माहिती दिली.

ते खोड. तानुबाईचं नाव कुठंही घालू नकोस. का ते विचारू नकोस. मी सांगते म्हणून खोड.

मुदत पंधरा जानेवारीची आहे असं आर्जव म्हणाला. वेळ आहे अजून.

तू माझा नंबर बंद करून ठेवलायस म्हणून हे पत्र. चौथीनंतर एवढं लांबलचक पहिल्यांदाच लिहितेय. बोटं दुखायला लागली. पत्ताही आर्जवनंच दिला. तुझ्याबरोबर ती वाईची ओवी राहते ना, तिच्या हाती पडलं तर तिनं फोडू नये.

कागद संपला. आशीर्वाद राहिला.

आई


२० डिसेंबर २०२४

ब्राह्मी,

तुझा निरोप पोचला. "तिला सांग पत्रं पाठवू नको, आणि तानुबाईची वकिली करू नको." आर्जवनं मान खाली घालून सांगितला. पोरगं तुझ्यापायी आणि माझ्यापायी हकनाक मधे सापडलंय.

तिला. आई नाही, तिला. बरं.

वकिली नाही, पण तानुबाईचं थोडं सांगणार आहे. तू नको म्हणालीस म्हणून मी गप्प बसले असं आजवर झालंय का?

अप्पांना झटका आला त्या दिवाळीला तू सांगलीहून बी.कॉम.चा निकाल घेऊन आलीस. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. बाग उभी होती. द्राक्षं मार्केटला जाईनात म्हणून बेदाणा करायचं तू ठरवलंस. मी म्हटलं, वेड लागलंय का, शेड बाईमाणसाचं काम आहे का? जाळ्यांवर माल टाकायचा, गंधकाची धुरी द्यायची, तीस बायका निवडायला बसवायच्या आणि वर तासगावला सौद्यात गड्यांच्यात जाऊन उभं राहायचं. तू ऐकलं नाहीस. आणि तुला यातलं काय येत होतं? शून्य. काडी कुठली, खडा कुठला, पिवळा माल कुठला, काळा पडलेला कुठला, हे सगळं तानुबाईनं शिकवलं. म्हसवडहून हंगामाला येणारी बाई. तिच्या मांडीला मांडी लावून तू चार हंगाम बसलीस. तुझ्या निबंधातही ते लिहिलं होतंस म्हणे, एका अडाणी बाईनं मला धंदा शिकवला म्हणून. ते वाचूनच शाळेनं तुला घेतलं, असं तूच नाचत नाचत सांगितलं होतंस.

आणि मग तो मेल आला. तुम्ही दिलेल्या दोन नंबरांवर आम्ही विचारलं, दोन्हीकडची माहिती जुळत नाही, प्रवेश रद्द. घरचा म्हणून एक नंबर अप्पांचा दिला होतास, एक तानुबाईचा. मला विचारलंस, "आई, कुणाचा फोन आला होता का?" मी म्हणाले, नाही.

आठच दिवस आधी खोक्यात काड्या सापडल्या म्हणून तू तानुबाईवर ओरडली होतीस. तुझा हिशेब झाला, त्या रागानं तिनंच खोटं सांगितलं. तीस बायकांच्या समोर तिला उभी केलीस. मी चहाची किटली घेऊन दारात होते. तू म्हणालीस, "माझं वाटोळं करून काय मिळालं तुला?" ती म्हणाली, "ताई, मी खरं त्येच सांगितलं." तू म्हणालीस, "खरं? तुझ्या तोंडात?" तिनं डोक्याचं फडकं सोडलं, घडी घातली, वजनकाट्यावर ठेवलं आणि गेली. एसटीपर्यंत चालत गेली.

आणि घरात अप्पा पलंगाच्या नळीवर डावा हात आपटत होते. ठण ठण ठण. आवाज शेडपर्यंत येत होता. तू म्हणालीस, "आई, अप्पांना पाणी दे." मी आत गेले, दिलं. त्यांनी भांडं उडवून लावलं. माझं लुगडं सगळं भिजलं.

एवढंच लिहायचं होतं. तानुबाई खोटं बोलणारी बाई नव्हे.

आई


२ जानेवारी २०२५

ब्राह्मी,

हे उभ्याउभ्यानं वाचू नकोस.

गेल्या पत्रात लिहायचं म्हणून बसले होते, लुगडं भिजल्यापर्यंत आले आणि पेन खाली ठेवलं. भित्री आहे मी. सगळे म्हणतात मगदुमांची कस्तुरी कुणाच्या बापाला भीत नाही. दुसऱ्याला बोलायला कशाला लागतं धाडस?

फोन आला होता.

मार्च महिना, गुरुवार. तू तासगावला सौद्याला गेली होतीस. मी अप्पांची दाढी करत होते. अर्धा गाल साबणाचा होता आणि त्यांचा मोबाईल वाजला. बाईचा आवाज. गोड, घरगुती. "नमस्कार काकू, पुण्याहून बोलतेय. ब्राह्मी मगदूमच्या आई ना? तुमच्या मुलीबद्दल थोडं विचारायचं होतं." मधे ती काय काय म्हणाली, कुठल्या कंपनीचं नाव सांगितलं, ते मी ऐकून घेतलं नाही. कुणाचं बोलणं मी आजवर पुरं ऐकलंय?

आता यातलं तुला जे माहीत नाही ते सांगते. त्याच्या आधीच्या रविवारी सांगलीला समाजाचा वधूवर मेळावा होता. मी आजारी मावशीला बघायला जाते म्हणून गेले होते, ते तिथं. तुझा फोटो आणि माहिती देऊन आले. तुला न विचारता. नंबर अप्पांचा दिला. पुण्याची तीन स्थळं होती, दोघांनी कागद मागून घेतला होता. चार दिवस मी त्या मोबाईलकडं बघत बसले होते.

मग पुण्याहून फोन आल्यावर मला काय वाटणार?

तू सांगितलं होतंस, कॉलेजचा फोन येईल, असेल तसं सांग. सांगितलं होतंस, मी नाकारत नाही. पण मला वाटलं, कॉलेजचा म्हणजे कुणी साहेब असणार, इंग्रजी फाडणार, आणि येईल तो तुझ्याच फोनवर. ही बाई तर विचारत होती, घरी कोण कोण असतं, वडील काय करतात, मुलगी काय करते. मुलीकडं दुसरं काय विचारतात?

मी पदर नीट केला. फोनवर! आणि शहरातलं बोलायला लागले.

"मुलगी काय करते सध्या?"

"घरीच असते. आम्ही तिला कधी उन्हात पाठवलं नाही."

"बेदाण्याचं शेड कोण बघतं?"

"माझा पुतण्या बघतो, आर्जव. मुलीचा काही संबंध नाही. तिला साधं दारही माहीत नाही शेडचं."

तुला आठवतं का बघ, त्याच्या आधल्या वर्षी इचलकरंजीचं स्थळ मोडलं होतं. मुलगी सौद्यात बाप्यांच्या रांगेत उभी राहते म्हणाले. तुला मी कारण वेगळं सांगितलं होतं, उंचीचं. ते माझ्या मनात होतं.

मग तिनं विचारलं, "वडील?"

मी अप्पांकडं बघितलं. अर्धा गाल साबण, अर्धा कोरडा, मान एका बाजूला. माझ्याकडंच बघत होते. मी म्हणाले, "मालक बागेत गेलेत. ठणठणीत आहेत."

त्यांच्यासमोर म्हणाले. पाच हातांवर होते.

ती म्हणाली, "काकू, आम्हाला तर असं कळलंय की वडील आजारी आहेत आणि तीस बायकांचं काम ब्राह्मी एकटी बघते." मला वाटलं, कुणीतरी आधीच कान भरले. मला राग आला. माझा राग तुला माहीत आहे. मी म्हणाले, "कुणी सांगितलं? आमच्या कामावरच्या तानुबाईनं ना? तिचं काही मनावर घेऊ नका. खोटारडी बाई आहे."

तानुबाईनं तिला आधी सगळं खरं सांगितलं होतं. अभिमानानं सांगितलं होतं. ते मी पुसून टाकलं.

फोन ठेवला आणि मला इतका आनंद झाला, मी शेवयांची खीर केली. तू सौद्याहून आलीस, दोन वाट्या खाल्लीस. विचारलंस, आज काय आहे? मी म्हणाले, काही नाही, दूध उरलं होतं.

अप्पांनी खीर तोंडात घेतली नाही. हात आपटत राहिले.

मेल आला त्या दिवशी तू वाचून दाखवलास तेव्हा मला कळलं. तिथंच कळलं. त्याच वेळी सांगितलं असतं तर तू शाळेला लिहून पाठवलं असतंस, अजून आठ दिवसांची मुदत होती त्यात. मी मोबाईल घेऊन न्हाणीत गेले आणि तो नंबर काढून टाकला. आर्जवच्या लहान बहिणीला विचारून शिकले कसा काढायचा ते.

तू तानुबाईला हाकललंस. महिन्यानं मी पुण्याची माणसं बघायला बोलावली, ती खरी स्थळाची. मला वाटलं लग्न झालं म्हणजे सगळं मिटेल, तुला शाळेची आठवण राहणार नाही. तू पाहुण्यांच्या समोरून बॅग घेऊन बाहेर पडलीस. मी मागनं ओरडले, "जा, तिथं तरी कोण घेतंय तुला!" ते वाक्य तू विसरली नसशील. मी पण नाही.

नंतर अप्पा दीड वर्ष होते. रोज एकदा तरी माझ्याकडं बघून हात आपटायचे. डॉक्टर म्हणाले, शिरा आखडतात. मी मान हलवली. त्या घरात आम्हा दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातल्या एकाला बोलता येत नव्हतं. ऑगस्टमध्ये तू आलीस, पाच दिवस त्यांच्या फोटोजवळ बसून राहिलीस, माझ्या हातचं पाणीही घेतलं नाहीस. तेव्हा सांगायचं होतं. मेलेल्या माणसाच्या घरात कशाला, असं स्वतःला सांगितलं. महिन्यानं क्षमावाणी आली, आपला माफी मागायचा दिवस. बस्तीच्या देवळात सगळ्यांपुढं हात जोडले, उत्तम क्षमा, उत्तम क्षमा. शंभर जणांना म्हटलं असेल. त्यातलं कुणाचंच मी काही वाईट केलेलं नव्हतं.

सोबत दुसरा कागद आहे. तो शाळेचा. त्यात लिहिलंय की मी, कस्तुरी भरतेश मगदूम, मार्च २०२३ मध्ये फोनवर माझ्या मुलीबद्दल, माझ्या नवऱ्याबद्दल आणि तानुबाईबद्दल खोटं सांगितलं, कारण मला ते स्थळ वाटलं. मुलगी खरी आहे. खाली सही आहे. कुणाचंही डोकं न लावता लिहिलाय, चुका असतील. इंग्रजी तू कर. फॉर्मला जोड.

आशीर्वाद लिहायला आज तोंड नाही.

आई


११ जानेवारी २०२५

ब्राह्मी,

पत्र पोचल्याचं पोस्टाच्या पावतीवरून आर्जवनं बघून सांगितलं. तू काही कळवलं नाहीस. मी वाटही बघत नाही.

काल म्हसवडला गेले होते. आटपाडी, दिघंची करत एसटीनं. तानुबाईचं घर सिद्धनाथाच्या देवळामागं, विचारत विचारत गेले. ती दारात बाजरी निवडत होती. मला बघून उठली नाही.

"या वैनी. चुकून आलासा का?"

मी म्हटलं, तो फोन माझ्याकडं आला होता. खोटं मी बोलले.

सूप तिनं खाली ठेवलं नाही. म्हणाली, "म्हाईत हाय मला."

कसं काय माहीत?

"त्या बाईनं मला पुन्यांदा फोन केलता की. म्हणली, घरची माणसं म्हणत्यात तुमी खोटं बोलताय. घरात आजून कोण हुतं? मालकास्नी तर बोलता येत न्हाई."

"मग तेव्हाच का सांगितलं नाहीस?"

त्यावर तिनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "कुणाला सांगायचं? त्या तीस जणींस्नी इचारा, मालकीण खोटी का कामाची बाई खोटी, काय म्हणल्या असत्या? ताईनं सुदिक इचारलं न्हाई मला. सरळ बोलायलाच लागली."

मी हात जोडले. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. तुमच्यात एक दिवस अस्तो न्हवं माफी मागायचा? भादव्यात. त्या दिवशी आलता का?"

"नाही आले."

"मग आज का? पोरीचा फारम आडलाय म्हणून."

मी म्हणाले, व्हय.

ती हसली. खरंच हसली. "चला, एक तरी खरं बोललासा." मग सूप माझ्याकडं सरकवलं आणि म्हणाली, "बसा आता. येवढी बाजरी हुंद्या, मग च्या करते." मी बसले. खडे काढले. तिनं मी निवडलेल्या बाजरीतले दोन खडे परत उचलून दाखवले, ह्ये ऱ्हायलं बघा म्हणून. चहा दिला. माफ केलं असं काही म्हणाली नाही.

तिचा नंबर खाली लिहिलाय. जुनाच आहे. तू काय करायचं ते तू बघ.

आई


१६ फेब्रुवारी २०२५

ब्राह्मी,

तू म्हसवडला येऊन गेलीस. तानुबाई चार दिवसांपूर्वी हंगामाला आली तेव्हा तिच्याकडनं कळलं. तिच्या पायावर डोकं ठेवून रडलीस म्हणे, तिला उठवता उठवेना. तिचं फडकं ही दोन वर्षं तुझ्या बॅगेत होतं, तेही मला आत्ता कळलं. मी इथं तीन पेट्या उचकटल्या होत्या त्यासाठी.

म्हसवडहून घर दोन तासांवर आहे. मी फक्त सांगतेय. तक्रार नाही.

शेड आर्जवनं सुरू केलंय. यंदा मी निवडायला बसते. तीस वर्षं या घरात आहे, आपल्याच शेडात खाली बसले नव्हते कधी. चहा आणून दारात उभी राहायची, मालकिणीनं बायकांच्यात बसू नये म्हणून. तानुबाईनं मला टोकाला, नव्या पोरींच्यात बसवलंय. दोन तासांनी पाठ मोडते. गंधकाच्या वासानं डोळे चरचरतात. एक पाटी झाली की तानुबाई हात फिरवते आणि परत माझ्यापुढं ओतते. "वैनी, काडी." काल तीन वेळा ओतली. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या.

तू हे चार हंगाम केलंस आणि मी त्या बाईला सांगितलं, तिला शेडचं दारही माहीत नाही.

तुझ्या फॉर्ममधला तो प्रश्न माझ्या डोक्यात बसलाय, काय बदल झाला म्हणून. तू त्यात काय लिहिलंस मला माहीत नाही. मला कुणी विचारलं असतं तर मी पाटी दाखवली असती.

मुलाखत झाली का? चांगली गेली का? पहिल्या वेळी त्यांनी विचारलं होतं, घरचा धंदा सोडून इकडं कशाला येता, आणि तू गप्प झाली होतीस. या वेळी गप्प बसू नकोस. माझ्यासारखं बोल.

फोन येणार असेल तर मी घरीच आहे. अप्पांचं सिम माझ्या मोबाईलमध्ये घातलंय. कुणाचाही आला तरी पुरं ऐकून घेईन. आर्जवला समोर बसवून दोनदा बोलून बघितलंय. वडील काय करतात, तर वारले. त्याआधी काय करत, तर पाच वर्षं पलंगावर होते. ते म्हणताना आवाज जातो, पण म्हणेन.

आई


२८ मार्च २०२५

ब्राह्मी,

फोन आला. माझ्याकडं नाही.

महिनाभर मोबाईल कमरेला बांधून फिरले. निवडताना मांडीवर, जेवताना ताटाजवळ. न्हाणीत जाताना आर्जवच्या आईकडं देऊन जायची. ती हसायची, "जाऊबाई, मेळाव्याला परत नाव दिलंय का?" ती गंमतीनंच म्हणाली, तिला काही माहीत नाही.

काल दुपारी शेडात तानुबाईचा वाजला. तिचे हात बेदाण्यात, मला म्हणाली, "दाबा वैनी ते हिरवं, आन् मोठ्यानं लावा." मी दाबलं. बाप्याचा आवाज. तिनं डोळ्यानंच मला सांगितलं की शाळेचाच आहे. माझ्या कमरेचा मोबाईल तसाच.

तेव्हा कळलं की घरचा म्हणून नंबर तू तिचा दिलायस.

बरं केलंस. मी असते तर मीही हेच केलं असतं.

त्यानं विचारलं, ब्राह्मी मगदूम तुमची कोण? तानुबाई म्हणाली, "मालकीण हुती. आता इचारशीला तर लेकच." शेड कोण बघत होतं? "तीच. कोरोनाच्या साली बाकीच्यांनी शेडं बंद ठिवली, हिनं चालीवलं. आमाला एकमेकीपासनं लांब लांब बसवून. मला हिशेबाची वही वाचायला शिकीवली तिनं, ते लिवा." वडील? "वारलं. पाच वर्षं जाग्याव हुतं. ती त्यांची नखं काढायची दर ऐतवारी." हे मला ठाऊक नव्हतं, की बाहेरच्या बायकांनी बघितलं होतं.

मग तो म्हणाला, "आणि आई?"

तानुबाईनं माझ्याकडं बघितलं. "हाय की. ही काय, माझ्या शेजारी बसून काड्या काढतीय. दिऊ का फोन?"

मी हात पदराला पुसले. पुढं सरकले. काय बोलायचं ते सगळं पाठ होतं.

कागद चाळल्यासारखा आवाज आला. म्हणाला, "नको, त्यांची गरज नाही. त्यांचं लेखी आहे आमच्याकडं."

नमस्कार म्हणाला आणि ठेवला.

बायकांनी एकदम गलका केला. तानुबाईनं मुठीनं माझ्या गुडघ्यावर मारलं, "झालं वैनी, झालं! आता घेत्यात पोरीला!" मी पण हसले. मग पाटीत परत हात घातला, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना.

म्हणजे कागद तू जोडलास. एवढ्या मोठ्या शाळेत, तुझ्या फायलीत माझं म्हणून तेवढंच आहे, कस्तुरी भरतेश मगदूम खोटं बोलली. राहू दे. तिथंच राहू दे. खरा आहे तो. माझ्या हातचं एवढं एकच तुझ्या कामाला आलं.

शाळा कुठं, कधी सुरू, काही कळवू नकोस वाटलं तर. आर्जवला कळेल, तानुबाईला कळेल, मी त्यांच्या तोंडाकडं बघून ओळखीन. परत ये म्हणूनही लिहीत नाही. अप्पांचा पलंग मी हलवला नाही. साबणाचं भांडं तिथंच आहे. एवढं फक्त सांगायचं होतं की आता कुणी आपटत नाही, तरी मला दुपारच्याला ऐकू येतं आणि मी उठून पाणी घेऊन जाते.

आशीर्वाद राहिला होता पहिल्या पत्रापासून. आता देते. अप्पांचा आणि माझा दोघांचा, त्यांचा आधी घे.

आणि तिथं कुणी विचारलं, वडील काय करत होते, तर सांग, शेवटची दीड वर्षं खरं काय ते सांगायला धडपडत होते. आई काय करते विचारलं, तर लाजू नकोस. शेडवर निवडायला बसते म्हणावं. काल तानुबाईनं माझी पाटी परत ओतली नाही.

आई